रास्त, किफायत आणि स्वस्त

न्यूझीलंडच्या दुकानांत 'गुड व्हॅल्यू' हे दोन शब्द जागोजागी लिहिलेले दिसतात. त्यांना मराठीत काय म्हणायचे, असे मुलांनी किंवा नातवंडांनी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण 'स्वस्त' असे सांगून मोकळे होतात. हे उत्तर अपुरे आहे. स्वस्त म्हणजे कमी पैशांत मिळालेले. 'गुड व्हॅल्यू' म्हणजे जितके पैसे दिले तितक्यांचे चीज झालेले, मग ती वस्तू दहा डॉलरची असो की हजाराची. या अर्थाचे शब्द मराठीत नाहीत असे मुळीच नाही. ते आहेत, चांगले जुने आहेत, आणि आपल्या वाडवडिलांच्या बोलण्यात ते होते. परदेशी आल्यावर ते आपल्या तोंडून मागे पडले, एवढेच. या लेखात त्या शब्दांचा थोडा इतिहास सांगण्याचा विचार आहे. शब्दांचा इतिहास म्हटला की तो कोरडा वाटतो. परंतु वस्तूला काय मोल द्यावे आणि माणसाच्या श्रमाला काय द्यावे, हा प्रश्न त्यातच गुंतलेला आहे. देश सोडून आलेल्या कुटुंबांना तर तो प्रश्न चांगलाच परिचयाचा आहे.

प्रथम 'महाग' हा शब्द घेऊ. संस्कृतात 'अर्घ' म्हणजे किंमत, मूल्य. ज्याचे मूल्य मोठे ते 'महार्घ', आणि त्यावरून आपला 'महाग' आला. याच्या उलट 'समर्घ' असा एक शब्द होता. त्यावरून मराठीत 'सवंग' झाला. सवंग म्हणजे कमी किमतीचे, सहज घेता येण्याजोगे. पण मूळ शब्द नीट पाहिला तर त्यात 'सम' आहे, म्हणजे सारखे, जुळणारे. किंमत आणि वस्तू एकमेकींना जुळतात, असा तो अर्थ. आज मात्र 'सवंग' म्हटले की आपण नाक मुरडतो. सवंग करमणूक, सवंग लोकप्रियता असे आपण म्हणतो ते निंदेच्या सुरात. 'स्वस्त' या शब्दाचीही थोडीफार हीच गत झाली. 'स्वस्तात सुटला', 'माणसाचा जीव स्वस्त झाला', हे काही कौतुकाचे बोल नव्हेत. केवळ कमी किंमत हाच गुण धरून बसले की शब्दाची पत उतरते, आणि मालाचीही.

आता 'किफायत'. हा शब्द अरबी आहे, फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. अरबीत 'किफाया' म्हणजे पुरेसे असणे, गरज भागणे. मराठीत आल्यावर तो कारभाराच्या कागदांत शिरला आणि तिथे त्याला नफ्याचा अर्थ चिकटला. पेशवाईच्या कागदांत किफायत म्हणजे बहुधा सरकारचा फायदा. १८३१ साली मोल्सवर्थसाहेबांचा मराठी कोश निघाला. त्यातही किफायत म्हणजे नफा, लाभ असाच अर्थ आहे. पुढे हा शब्द दरबारातून बाजारात आणि बाजारातून स्वयंपाकघरात आला. मग जो धंदा नफा देतो तो 'किफायतशीर', आणि जी वस्तू घेतली असता पैसे वाचतात आणि काम भागते तीही 'किफायतशीर'. एकच शब्द विकणारा वापरतो आणि घेणाराही वापरतो, आणि दोघांचेही खरे असू शकते. मुळातला 'पुरेसे' हा अर्थ धरला म्हणजे यात काही नवल वाटत नाही. विकणाऱ्याला पुरेसे मिळाले, घेणाऱ्यालाही पुरेसे मिळाले, म्हणजे किफायत झाली.

इस्राएलमधल्या आपल्या वाचकांना इथे लगेच हिब्रू शब्द आठवेल. एखादी गोष्ट घेण्याजोगी, करण्याजोगी असली की तिकडे 'कदाय' म्हणतात. त्या शब्दात 'दाय' आहे, म्हणजे पुरे. पेसाहच्या रात्री आपण 'दायेनू' म्हणतो तोच हा 'दाय'. अरबी आणि हिब्रू या बहिणी-बहिणी असल्या तरी या दोन शब्दांचे धातू वेगळे आहेत. तरीही दोन्ही भाषांनी चांगल्या सौद्याला नाव देताना 'कमी' हा शब्द घेतला नाही, 'पुरेसे' हा घेतला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मराठीतले 'परवडणे' हे क्रियापदही याच कुळातले म्हणावे लागेल. मुंबईच्या बाजारात कोळीण म्हणे, "एवढ्याला मला नाय परवडत, बाय." आणि आमच्या आया म्हणत, "एवढ्याला आम्हाला परवडत नाही." दोघी एकच शब्द वापरून घासाघीस करीत, आणि दोघींना परवडेल अशा आकड्यावर येऊन थांबत. कोळणीचे घर चालले पाहिजे हे आईला मान्य होते. आईचा महिना निघाला पाहिजे हे कोळणीलाही कळत होते. नाहीतर उद्या पुन्हा कोण कोणाकडे येणार?

या साऱ्यांत मला सर्वांत वजनदार वाटणारा शब्द म्हणजे 'रास्त'. हा फारसी आहे. फारसीत 'रास्त' म्हणजे सरळ, खरे, उजवे. बहामनी, निजामशाही आणि आदिलशाहीच्या काळात दफ्तराची भाषा फारसी होती, त्यामुळे असे शेकडो शब्द मराठीत रुळले. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला आणि त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तरीही लोकांच्या तोंडचे शब्द काही गेले नाहीत. 'रास्त' राहिला तो राहिलाच. पुण्याची रास्ता पेठ ज्यांच्यामुळे ओळखली जाते त्या रास्ते घराण्याचे मूळ आडनाव गोखले. सचोटीमुळे त्यांना 'रास्ते' हे नाव पडले असे सांगतात. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. म्हणजे जो शब्द माणसाच्या सरळपणाला लागला तोच पुढे किमतीलाही लागला. रास्त भाव म्हणजे सरळ भाव. त्यात महागाची लूट नाही आणि स्वस्ताची फसवणूकही नाही.

हा शब्द घराघरांत पोचवला तो मात्र दुसऱ्या महायुद्धाने. धान्याची टंचाई झाली आणि मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. पुढे स्वतंत्र भारतात १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आला. रेशनच्या दुकानावर 'सरकारमान्य रास्त भाव दुकान' अशी पाटी असे, आणि तिथे काय किती दराने मिळेल ते फळ्यावर खडूने लिहिलेले असे. आमच्या पिढीने लहानपणी त्या रांगेत पिशवी आणि कार्ड घेऊन तासन् तास काढले आहेत. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेला तांबडा मिलो खाल्ला, त्याचीही आठवण पुष्कळांना असेल. त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या बायका हातात लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्या बायकांनी काही फुकट मागितले नव्हते. तेल, धान्य, साखर हे रास्त भावात मिळावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

तेलाचे नाव निघाले म्हणून आपल्या समाजाकडे वळते. कोकणात आपल्या पूर्वजांना 'शनवार तेली' म्हणत, हे आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. पण त्या नावात एक हिशेब दडलेला आहे, तो क्वचितच कोणी उलगडून सांगतो. तेल्याचा धंदा रोजचा. बैल घाण्याला जुंपायचा, तीळ किंवा खोबरे घालायचे, फेऱ्या मारून तेल गाळायचे, पेंड निराळी काढायची. बैलाला चारा सातही दिवस लागतो. घरच्या माणसांना जेवण सातही दिवस लागते. आणि आपल्या लोकांचा घाणा मात्र शब्बाथला बंद. शेजारच्या गावचा दुसरा तेली त्या दिवशीही तेल काढी. म्हणजे सात दिवसांचा खर्च सहा दिवसांच्या कामातून काढणे आले. अशा तेल्याला केवळ स्वस्ताईच्या जोरावर टिकणे कठीण होते. त्याला माप पुरे द्यावे लागे, तेलात भेसळ करून चालत नसे, आणि दर रास्त ठेवावा लागे. गिऱ्हाइकाला ठाऊक होते की शनिवारी गेलो तर हा तेल देणार नाही. तरी ते रविवारी येत होते. समाजाची पत तिथे होती.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापून निघाला. त्यात आपल्या लोकांच्या या कोकणातल्या धंद्याची हकीकत आहे. याच केहिमकरांच्या खटपटीने १८७५ मध्ये मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा निघाली, ती पुढे सर एली कदूरी हायस्कूल या नावाने प्रसिद्ध झाली. घाण्यावरून शाळेत, शाळेतून पलटणीत, कचेरीत, दवाखान्यात असा आपला प्रवास झाला. तेल मापण्याचे पळी, नवटाक, पावशेर हे शब्द त्या प्रवासात गळून पडले.

माप पुरे असावे ही शिकवण काही केवळ कोकणाची नाही. तोरात लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात सरळ तराजू, सरळ वजने, सरळ एफा आणि सरळ हिन ठेवण्याची आज्ञा आहे. एफा हे धान्याचे माप आणि हिन हे पातळ पदार्थांचे, म्हणजे आपल्या तेल्याच्या कामाचे. पुढे मिश्नात, बाबा मेत्सिया या भागाच्या चौथ्या अध्यायात, आपल्या विद्वानांनी याचा पुरा नियमच बांधला. बाजारभावापेक्षा एक षष्ठांशाने, म्हणजे चोविसात चाराने, जास्त घेतले तर तो अन्याय, आणि ज्याच्यावर तो झाला त्याला दाद मागता येते. महत्त्वाचे असे की हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन फार कमी किंमत दिली, तर तोही अन्यायच. त्याच अध्यायात आणखी एक बारीक गोष्ट आहे. घ्यायचे मनात नसताना दुकानदाराला उगाच भाव विचारू नये, कारण त्याच्या मनात आशा उत्पन्न होते आणि ती फुकट जाते. कोकणातल्या आपल्या पूर्वजांपाशी मिश्ना नव्हती. पण 'रास्त' हा शब्द त्यांच्यापाशी होता, आणि त्या शब्दाने पुष्कळ काम केले असावे.

आता आपण ज्या देशात राहतो त्याकडे येऊ. इथल्या माओरी भाषेत 'उतु' असा शब्द आहे. त्याचा अर्थ किंमत, मोबदला, उत्तर, परतफेड, आणि सूडसुद्धा. एकाच शब्दात इतके अर्थ कसे, असे नवख्या माणसाला वाटते. पण त्यांच्या मनात मूळ कल्पना तोलाची आहे. कोणी काही दिले तर त्याची योग्य परतफेड झाली पाहिजे. कोणी दुखावले तर त्याचीही झाली पाहिजे. देणेघेणे एकदा होऊन संपत नाही, त्यातून नाते चालू राहते. गोऱ्या व्यापाऱ्यांची कल्पना निराळी होती. पैसे मोजले, पावती झाली, संबंध संपला.

या दोन कल्पनांची गाठ पडली की काय होते, ते ऑकलंड शहराच्या जन्मातच दिसते. न्गाती फातुआ जमातीचे प्रमुख आपिहाई ते कावाऊ यांनी गव्हर्नर हॉब्सन यांना आपल्या भूमीत येऊन राहण्याचे आमंत्रण दिले. ऑक्टोबर १८४० मध्ये सरकारने त्यांच्याकडून सुमारे ३,००० एकर जमीन घेतली. मोबदला होता ५० पौंड रोख, आणि त्याखेरीज ब्लँकेटे, कपडे, भांडी, तंबाखू असा माल. त्यातलीच अवघी ४४ एकर जमीन १८४१ मध्ये सरकारने लिलावात विकली, तिचे २४,२७५ पौंड आले. कागद पुरा होता, सह्या होत्या, कोणी म्हणेल सौदा किफायतीचा झाला. सरकारी तिजोरीची किफायत झाली खरी. पण तो रास्त होता काय? जमातीला वाटले होते की आपण एक शेजारी जोडला आणि त्याची परतफेड पुढे होत राहील. प्रत्यक्षात पुढच्या शंभर वर्षांत ओराकेईची त्यांची उरलेली जमीनही थोडी थोडी करून गेली. १९७७ मध्ये बॅस्टियन पॉइंटवर त्यांनी ठाण मांडले. ५०६ दिवसांनी, २५ मे १९७८ रोजी, पोलिसांनी त्यांना हटवले. १९८७ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणाने ओराकेईबद्दल अहवाल दिला आणि त्यानंतर ती जमीन त्यांना परत देण्यात आली. स्वस्तात घेतलेल्या वस्तूची बाकी केव्हा आणि किती द्यावी लागते, याचे हे उदाहरण आपल्या शहराच्या मधोमध उभे आहे.

दुसरे उदाहरण दक्षिणेकडच्या डनेडिन शहराचे. १८८८ साली तिथले एक पाद्री, रदरफर्ड वॅडेल, यांनी आपल्या चर्चमध्ये प्रवचन केले. त्याचा विषय होता स्वस्ताईचे पाप. शहरातल्या गरीब बायका घरी शिवणकाम आणून दिवसरात्र खपत होत्या आणि त्यांना मिळणाऱ्या पेन्यांत पोट भरत नव्हते. वॅडेल यांचे म्हणणे असे की हा दोष एकट्या मालकाचा किंवा दलालाचा नाही. स्वस्त शर्ट शोधत दुकानोदुकानी हिंडणारा प्रत्येकजण यात भागीदार आहे. ओटागो डेली टाइम्स या वर्तमानपत्राने हा विषय उचलून धरला आणि १८८९ मध्ये या बायकांच्या परिस्थितीवर लेख छापले. त्याच वर्षी तिथे शिंपी बायकांची संघटना स्थापन झाली, ती या देशातली बायकांची पहिली कामगार संघटना. हॅरिएट मॉरिसन या तिच्या प्रमुख कार्यकर्त्या होत्या. १८९० मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. पुढे कारखान्यांचे कायदे झाले, आणि १८९४ मध्ये मजुरीचे तंटे लवादाकडे नेण्याचा कायदा झाला. १८९३ मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला, त्या अर्जांवर सह्या गोळा करण्यातही या शिंपी बायका पुढे होत्या.

योगायोग असा की ज्या १८९० साली डनेडिनला आयोग बसला, त्याच वर्षी १० जूनला मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांचे श्रम होते. तोपर्यंत गिरणीत कापड स्वस्त निघत होते, त्यात कामगाराच्या विश्रांतीची किंमत धरलेलीच नव्हती. आपल्या तेल्याने ती किंमत शेकडो वर्षे आपल्या पदरची भरली होती. ज्या वस्तूच्या किमतीत ती करणाऱ्या माणसाची भाकरी आणि विश्रांती धरलेली आहे, तीच रास्त भावाची वस्तू, असे मला या दोन्ही हकीकतींवरून वाटते.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, बाई, मग आम्ही महाग घ्यावे काय? तसे माझे म्हणणे नाही. भरमसाट किंमत देणे हाही रास्तपणा नव्हे. न्यूझीलंडमध्ये किराण्याचा बहुतेक धंदा दोन मोठ्या कंपन्यांच्या हाती आहे. मार्च २०२२ मध्ये इथल्या वाणिज्य आयोगाने या व्यवसायाचा अहवाल दिला, आणि या कंपन्या दिवसाला सुमारे १० लाख डॉलर वाजवीपेक्षा अधिक नफा मिळवतात असे त्यातून पुढे आले. २०२३ मध्ये किराणा व्यवसायासाठी वेगळा कायदा झाला आणि किराणा आयुक्त नेमले गेले. २०२४ पासून मोठ्या दुकानांना किराणा मालाचा दर ठरावीक वजनाला किंवा मापाला किती पडतो, हे लेबलवर लिहावे लागते. आमच्या आज्या वाण्याला "शेराला काय भाव?" असे विचारीत, तोच हा प्रश्न. पुडा मोठा आहे, वर 'स्पेशल' असे पिवळ्या कागदावर लिहिले आहे, म्हणून तो किफायतशीर असतोच असे नाही. बारीक अक्षरांतला तो दर वाचावा आणि मग पिशवीत टाकावा. इस्राएलमध्ये २०११ च्या उन्हाळ्यात लोकांनी कॉटेज चीज घेणे बंद करून कंपन्यांना भाव उतरवायला लावले, ते तिकडच्या वाचकांच्या स्मरणात असेल. गिऱ्हाइकाने रास्त भाव मागावा, अवश्य मागावा. फक्त तो मागताना दुसऱ्या टोकाला कोण आहे तेही पाहावे.

दुसऱ्या टोकाला पुष्कळदा आपणच असतो. मी आयुष्यभर परिचारिकेचे काम केले, म्हणून याविषयी दोन शब्द लिहिते. मराठीत 'मोल' हा शब्द मोठा विचित्र आहे. संस्कृत 'मूल्य' यावरून तो आला. 'मोलाची' वस्तू म्हणजे अमूल्य, जपून ठेवण्याजोगी. आणि 'मोलकरीण' म्हणजे मोल घेऊन काम करणारी, जिचे काम घरात सर्वांत कमी लेखले जाते ती. मूळ एकच शब्द. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बायकांचे अगदी असेच आहे. शब्दांत त्यांना मोलाचे म्हणतात, पगाराच्या दिवशी मोलकरणीच्या हिशेबाने देतात.

न्यूझीलंडने परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९०१ मध्येच केला, तेव्हा जगात अन्यत्र कुठे असा स्वतंत्र कायदा नव्हता. जानेवारी १९०२ मध्ये एलेन डॉहर्टी या पहिल्या नोंदणीकृत परिचारिका झाल्या. १९७२ मध्ये समान वेतनाचा कायदा आला. पण एकाच कामाला पुरुषाइतके वेतन मिळणे ही एक गोष्ट, आणि बायकांचे काम म्हणून ज्या कामाचा दरच मुळात कमी बांधला त्याला रास्त दर मिळणे ही दुसरी. हे दुसरे भांडण क्रिस्टीन बार्टलेट या वृद्धाश्रमातल्या सेविकेने कोर्टात नेले. वीसहून अधिक वर्षे काम करून त्यांना तासाला १४ डॉलर ४६ सेंट मिळत होते. २०१७ मध्ये सरकारने तडजोड केली. पाच वर्षांत २ अब्ज डॉलर, आणि सुमारे ५५,००० सेवक-सेविकांना वाढ. २०२३ मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिकांचाही असा दावा मिटला. मात्र मे २०२५ मध्ये नव्या सरकारने घाईने कायदा बदलला आणि चालू असलेले ३३ दावे रद्द झाले. म्हणजे मोलाचा प्रश्न अजून उभाच आहे.

मी या देशात आले तेव्हा एका रुग्णालयाने माझी मुंबईची वर्षे हिशेबात धरली नाहीत. इथली नोंदणी होईपर्यंत मदतनिसाच्या पगारावर मी रात्रपाळ्या केल्या, आणि काम परिचारिकेचेच केले. त्या वेळी माझ्याबरोबर फिलिपाइन्स, फिजी, केरळ इथल्या मुली होत्या, त्यांचीही तीच कथा. आम्ही त्या रुग्णालयाला स्वस्त पडलो. किफायतशीरही पडलो असू. रास्त मात्र ते नव्हते. आज वृद्धाश्रमात आपल्यापैकी कुणाची आई, कुणाचे वडील असतात आणि त्यांना उचलून बसवणारी मुलगी कालपरवाच परदेशातून आलेली असते. तिला काय मिळते हे विचारावे. ती आपल्या घरातली पहिली पिढी असू शकते, जशा आपण होतो.

इथे आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. या देशात एखादा माणूस मनमिळाऊ, कामाचा, सोबतीला चांगला असला तर त्याच्याविषयी 'ही इज गुड व्हॅल्यू' असे म्हणतात. त्याला मराठीत 'स्वस्त माणूस' असे म्हणून पाहा, म्हणजे स्वस्त हा शब्द किती तोकडा आहे ते कळेल. 'मोलाचा माणूस' म्हटले की बरोबर बसते.

तेव्हा नातवंडांनी पुन्हा विचारले तर एका शब्दात उत्तर देऊ नये, तीन द्यावेत. कमी पैशांत मिळाले ते स्वस्त. आपली गरज भागली आणि पैसेही वाचले ती किफायत. आणि देणारा, घेणारा, करणारा या तिघांपैकी कोणाचाही तळतळाट ज्यात नाही तो रास्त भाव. हे तीन शब्द मुलांनी निरनिराळे ओळखले तर त्यांना बाजारही कळेल आणि मराठीही थोडी कळेल.

एक विनंती करून लेख पुरा करते. ज्यांच्या घरी घाण्याच्या, मापाच्या, बाजाराच्या आठवणी आणि शब्द अजून कोणा वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतील, त्यांनी ते लिहून घ्यावेत. कोणते तेल कोणत्या मापाने देत, पेंड कोण नेई, उधारी कशी लिहीत, शनिवारी आलेल्या गिऱ्हाइकाला काय सांगत, हे सर्व. न्यूझीलंडमध्ये आपली घरे मोजकी आहेत, सांगणारी माणसे त्याहून मोजकी. लिहिलेले राहते. सर्वांना शालोम.